शील्डेड केबल टाकायची की साधी यूटीपी? आधी अर्थिंग बघा, मग ठरवा

प्रश्न असा आलाय की भोसरी एमआयडीसीत दोन मजली युनिट आहे, खाली मशीन शॉप, त्यात सीएनसी, ड्राइव्हवर चालणाऱ्या मोटारी आणि दोन वेल्डिंग मशीन, वर ऑफिस, सगळे मिळून तीसेक पॉइंट, डझनभर कॅमेरे आणि गेटवर सिक्युरिटी केबिन. एका कॉन्ट्रॅक्टरनं नेटवर्कच्या केबलसाठी सगळीकडे "कॅट ७ फुल शील्डेड"चं कोटेशन दिलंय, दुसरा म्हणतो कॅट ६ यूटीपी पुरे, शील्डचे पैसे वाया जातील. कोणाचं ऐकायचं, आणि या यूटीपी, एफटीपी, एसटीपीमध्ये नक्की फरक काय?

वीस वर्षांहून जास्त झाली मी पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव याच पट्ट्यात नेटवर्किंगची कामं करतोय, त्यामुळे उत्तर आधीच देऊन टाकतो. वर ऑफिसमध्ये कॅट ६ यूटीपी (कॅट म्हणजे केबलची कॅटेगरी, यूटीपी म्हणजे अनशील्डेड ट्विस्टेड पेअर, शील्ड नसलेली पिळलेल्या जोड्यांची केबल), पण शुद्ध तांब्याची. खाली शॉप फ्लोअरवर कॅट ६ए एफ/यूटीपी, म्हणजे फॉइलचं शील्ड असलेली, आणि ती सुद्धा तुमच्या रॅकला (केबलींची टोकं आणि स्विच बसवायच्या धातूच्या कपाटाला) नीट अर्थिंग असेल तरच. गेटच्या केबिनपर्यंत फायबर, तांबं अजिबात नाही. कॅट ७ कुठेच नको. आता हे असं का ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की कोटेशन तुम्हाला स्वतःलाच वाचता येईल.

सगळ्यात आधी कोणत्याही लॅन केबलचा फूटभर तुकडा घ्या आणि वरचं जॅकेट सोलून काढा. आत आठ वायरी दिसतील, म्हणजे चार जोड्या, निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, आणि प्रत्येकीबरोबर तिची पांढरी जोडीदार. दोघी एकमेकींभोवती पिळलेल्या. आता चारही जोड्या टेबलावर शेजारी-शेजारी ठेवा आणि पीळ नीट बघा, एकीचा घट्ट असेल, एकीचा त्याहून सैल, चारही वेगवेगळे. हे मुद्दाम केलेलं असतं. स्विच (सगळ्या केबली जिथं येऊन जोडल्या जातात ती नेटवर्कची पेटी) जेव्हा सिग्नल पाठवतो तेव्हा जोडीतल्या एका वायरवर जेवढा प्लस तेवढाच दुसरीवर मायनस पाठवतो, आणि पलीकडचं पोर्ट फक्त दोघींतला फरक वाचतं. बाहेरून मोटारीचा, चोकचा, वेल्डिंगचा नॉइज आला तर तो दोन्ही वायरींवर सारखाच पडायला हवा, म्हणजे फरक काढताना तो आपोआप वजा होतो. पण सारखा पडणार कधी, तर दोन्ही वायरी नॉइजपासून सारख्याच अंतरावर असतील तेव्हा, आणि त्यासाठीच पीळ, दर थोड्या अंतरावर आतली बाहेर आणि बाहेरची आत. आणि चार जोड्यांचा पीळ वेगळा का, तर सारखा असता तर शेजारच्या जोडीतली ठरावीक वायर कायम आपल्या ठरावीक वायरीलाच चिकटून राहिली असती आणि एकीचं बोलणं दुसरीत ऐकू आलं असतं, यालाच क्रॉसटॉक म्हणतात.

ही युक्ती कॉम्प्युटरच्या कितीतरी आधीची आहे. अलेक्झांडर ग्रॅहम बेलनं पिळलेल्या जोडीचं पेटंट १८८१ साली घेतलं, टेलिफोनच्या लाइनसाठी. म्हणजे "अनशील्डेड" हा शब्द ऐकून यूटीपी केबल उघड्यावर पडलीय असं समजू नका, तिचं संरक्षण तिच्या पिळातच आहे आणि ते चांगलं दमदार आहे. जगभरातली बहुतेक ऑफिसं याच पिळावर चालतात.

यातूनच एक नियम निघतो जो आपल्याकडे सर्रास मोडला जातो. जॅकमध्ये पंच करताना, म्हणजे वायरी खाचेत दाबून बसवताना, किंवा कनेक्टर क्रिंप करताना पीळ १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडायचा नाही, म्हणजे साधारण बोटाच्या नखाएवढाच. मी असे आयओ बॉक्स (भिंतीवरचे नेटवर्क पॉइंटचे डबे) उघडलेत की आत दोन-दोन इंच वायरी सरळ करून, कंगव्यासारख्या पसरून पंच केलेल्या. तिथं तुम्ही कितीही महाग केबल घेतलेली असू दे, त्या दोन इंचात ती केबल राहिलेली नाही, आठ सुट्ट्या वायरी आहेत.

आता नावांकडे येऊ, कारण खरा गोंधळ तिथं आहे. "एसटीपी" हा शब्द दुकानात कशालाही लावतात, नुसती फॉइल असली तरी एसटीपी आणि जाळी-फॉइल दोन्ही असलं तरी एसटीपी. त्यामुळे कोटेशनमध्ये नुसतं एसटीपी लिहिलं असेल तर ते मान्य करू नका, आयएसओ ११८०१ स्टँडर्डमधली तिरप्या रेघेची पद्धत मागा. रेघेच्या आधीचं अक्षर म्हणजे सगळ्या चार जोड्यांवर मिळून काय गुंडाळलंय, रेघेच्या नंतरचं म्हणजे प्रत्येक जोडीवर वेगळं काय गुंडाळलंय. यू म्हणजे काही नाही, एफ म्हणजे फॉइल, एस म्हणजे विणलेली तारेची जाळी. मग यू/यूटीपी म्हणजे वरही काही नाही, आतही नाही, तीच आपली साधी यूटीपी. एफ/यूटीपी म्हणजे चारही जोड्यांवर मिळून एक फॉइल, आत जोड्या उघड्या, बाजारात हिलाच एफटीपी म्हणतात. यू/एफटीपी त्याच्या उलट, वर काही नाही पण प्रत्येक जोडीला स्वतःची फॉइल. एस/एफटीपी म्हणजे प्रत्येक जोडीला फॉइल आणि वरून सगळ्यांवर जाळी, ही जाड, कडक, वळवायला त्रासदायक आणि महाग. एसएफ/यूटीपी म्हणजे वरून जाळी आणि फॉइल दोन्ही, पण आत जोड्या उघड्या. एवढं पाठ झालं की केबलच्या जॅकेटवरचं प्रिंट वाचूनच कळतं की माल कोणता आलाय, आणि ते प्रिंट बॉक्स साइटवर उतरतानाच वाचा, केबल पाइपमध्ये गेल्यावर काही उपयोग नाही.

फॉइल आणि जाळी यांचं काम सारखं नाही. फॉइल सगळीकडून झाकते, फट राहत नाही, त्यामुळे वरच्या फ्रीक्वेन्सीचा नॉइज ती चांगला अडवते, पण ती नाजूक, जोरात वळवली की फाटते. जाळीला बारीक भोकं असतात पण तांबं जास्त, त्यामुळे खालच्या फ्रीक्वेन्सीला आणि ओढाताणीला ती बरी. फॉइलबरोबर एक बिनइन्सुलेशनची उघडी तार जाते, तिला ड्रेन वायर म्हणतात, कुठे फॉइलला बारीकशी चीर पडली तरी शील्डचा रस्ता तुटू नये म्हणून ती असते. ही तार लक्षात ठेवा, पुढे तिचंच सगळं रामायण आहे.

एक गैरसमज इथंच काढून टाकतो. "शेजारून थ्री फेजची केबल जातेय म्हणून शील्डेड टाका" असं म्हणतात, पण ५० हर्ट्झच्या मॅग्नेटिक फील्डला ती पातळ फॉइल जवळपास काहीच अडवत नाही. त्याचा बंदोबस्त पीळ करतो, अंतर करतं, आणि पोर्टच्या आतला ट्रान्सफॉर्मर करतो. शॉप फ्लोअरवरचा खरा त्रास ड्राइव्हचा असतो. ड्राइव्ह मोटारीला व्होल्टेज तुकड्या-तुकड्यात देतो, सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद, आणि त्या चालू-बंदच्या कडा इतक्या तीव्र असतात की त्यांचा नॉइज वर मेगाहर्ट्झमध्ये जातो, म्हणजे नेमका जिथं तुमचा इथरनेट सिग्नल आहे तिथं. वेल्डिंगच्या आर्कचंही तसंच, आणि मोठा कॉन्टॅक्टर (मोटारी चालू-बंद करणारा स्विच) पडतो तेव्हाही. इथं फॉइल खरी कामाला येते, आणि म्हणूनच ऑफिसला यूटीपी आणि शॉपला एफ/यूटीपी अशी विभागणी मी सांगितली.

कॅटेगरीचं पटकन सांगतो. कॅट ५ई म्हणजे १०० मेगाहर्ट्झ, गिगाबिट स्पीड १०० मीटरपर्यंत आरामात. कॅट ६ म्हणजे २५० मेगाहर्ट्झ, बऱ्याच केबलींमध्ये जोड्या वेगळ्या ठेवायला मध्ये प्लास्टिकचा फुलीच्या आकाराचा दांडा असतो, तीही गिगाबिट १०० मीटर देते आणि १० गिगाबिट जवळच्या अंतरावर, परिस्थितीप्रमाणे ३७ ते ५५ मीटर. कॅट ६ए म्हणजे ५०० मेगाहर्ट्झ, १० गिगाबिट पूर्ण १०० मीटर. कॅट ८ म्हणजे २००० मेगाहर्ट्झ, कायम शील्डेड, पण ३० मीटरपर्यंतच, ती डेटा सेंटरमध्ये रॅक ते रॅक जोडायला, तुमच्या-माझ्या कामाची नाही. आणि हे १०० मीटर म्हणजे ९० मीटर भिंतीतली पक्की केबल आणि दोन्हीकडच्या पॅच कॉर्ड (टोकाला जोडायच्या छोट्या सुट्ट्या केबली) मिळून १०, नुसती केबलच १०० मीटर ओढून वर पॅच कॉर्ड लावायची नाही.

कॅट ७ चं काय? ती ६०० मेगाहर्ट्झची, एस/एफटीपी, आयएसओच्या स्टँडर्डमध्ये आहे पण स्टँडर्ड ठरवणाऱ्या अमेरिकन टीआयए संस्थेनं ती कधी घेतलीच नाही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिच्यासाठी जे कनेक्टर ठरवले ते जीजी४५ आणि टेरा, आपलं नेहमीचं आरजे४५ नव्हे. तुमच्या स्विचला आरजे४५ पोर्ट आहे, पॅच पॅनेल (रॅकमधली पट्टी, जिथं केबलींची टोकं जॅकमध्ये बसतात) आरजे४५ आहे, मग टोकाला कॅट ६ए चाच जॅक बसणार, आणि सगळ्या लिंकची कॅटेगरी सगळ्यात कमकुवत भागावर ठरते. म्हणजे पैसे कॅट ७ चे, मिळालं कॅट ६ए. शिवाय ती जाड केबल आपल्या नेहमीच्या आयओ बॉक्समध्ये वळवता वळवता फॉइल फाटते आणि कामगाराचे हात सोलतात. "फुल शील्डेड कॅट ७" असं कोटेशन देणाऱ्यानं खाली जॅक कोणता लिहिलाय ते बघा, कॅट ६ चा जॅक लिहिला असेल तर त्याला एवढंच विचारा की मग ही लिंक कोणत्या कॅटेगरीत टेस्ट करून देणार.

आता मुख्य गोष्ट, अर्थिंग. शील्ड म्हणजे केबलवर चढवलेलं चिलखत अशी समजूत आहे, की चढवलं आणि झालं. तसं नसतं. शील्डवर नॉइज पकडला जातो, आणि पकडलेला नॉइज कुठेतरी जायला हवा, तो रस्ता म्हणजे शील्ड, जॅकची धातूची बॉडी, धातूचं पॅच पॅनेल, रॅक, रॅकमधली अर्थ पट्टी आणि तिथून इमारतीचं अर्थिंग. यातली एक कडी तुटली की ती फॉइल हवेत लटकणारी तीस-चाळीस मीटरची तार झाली, म्हणजे अँटेना. ती नॉइज गोळा करते आणि चारही जोड्यांच्या अंगावर टाकते. अर्थ न केलेली शील्डेड केबल साध्या यूटीपीपेक्षा वाईट वागू शकते, आणि हे मी पुस्तकातलं सांगत नाही, डोळ्यांनी बघितलेलं सांगतोय.

चाकणला एका कारखान्यात गेलो होतो, नाव घेत नाही. सगळी केबल एफ/यूटीपी, चांगल्या कंपनीची, शुद्ध तांब्याची. तक्रार अशी की वरची क्रेन हलली की खालच्या दोन मशीनचं सर्व्हरशी कनेक्शन तुटतं, क्रेन थांबली की परत येतं. आधीच्या माणसानं दोनदा केबल बदलून बघितलेली, स्विच बदललेला. मी पॅच पॅनेलची मागची बाजू उघडली तर पॅनेल प्लास्टिकचं, कीस्टोन जॅक प्लास्टिकचे, आणि प्रत्येक केबलच्या टोकाला ड्रेन वायर मुळाशी कापून वर काळी इन्सुलेशन टेप गुंडाळलेली, सगळ्या चोवीस केबलींना, अगदी नीटनेटकी. ज्यानं केलं त्याला ती तार जादाची वाटली असणार, यूटीपीवर शिकलेल्या हाताला ती जादाचीच वाटते. मल्टिमीटरचं एक टोक फॉइलला आणि एक रॅकच्या अर्थला लावलं, कंटिन्यूइटी नाही, शील्ड दोन्हीकडून तरंगतंय. मग सगळं पॅनेल धातूचं घेतलं, शील्डेड जॅक घेतले, टेप काढून केबल थोडी मागून सोलली, ड्रेन वायर जॅकच्या बॉडीला आणि फॉइल जॅकच्या क्लॅम्पखाली सगळ्या बाजूंनी दाबून बसवली, पॅनेलपासून रॅकच्या अर्थ पट्टीपर्यंत हिरवी-पिवळी जाड वायर टाकली. केबल तीच, स्विच तोच. त्यानंतर क्रेन हलताना स्विचवरचा एरर काउंटर वाढायचा थांबला.

म्हणून शील्डेड घ्यायची तर अख्खी साखळी घ्यायची, शील्डेड जॅक, धातूचं पॅनेल, शील्डेड पॅच कॉर्ड आणि रॅकचं अर्थिंग. मध्ये एक प्लास्टिकची पॅच कॉर्ड लावली की शील्ड तिथंच संपलं. आणि कोटेशन तुलनेला लावताना फक्त केबलचा मीटरचा भाव लावू नका, हे सगळं धरून लावा, मग शील्डेडचा खरा खर्च दिसतो, त्यात कामाचा वेळही जास्त, कारण एक शील्डेड जॅक नीट बसवायला यूटीपीच्या दुप्पट वेळ सहज जातो.

याची दुसरी बाजूही आहे आणि ती कमी लोकांना माहीत असते. इथरनेटच्या प्रत्येक पोर्टच्या आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असतो, स्टँडर्डप्रमाणे त्याला १५०० व्होल्टचं आयसोलेशन लागतं. त्यामुळे यूटीपीनं जोडलेली दोन मशीन एकमेकांना विजेच्या दृष्टीनं स्पर्शच करत नाहीत, दोघांची अर्थ वेगळ्या पातळीवर असली तरी काही बिघडत नाही. शील्ड टाकलं की तुम्ही दोन्ही मशीनच्या बॉड्या तांब्यानं जोडून टाकल्या. दोन टोकांच्या अर्थमध्ये फरक असेल, म्हणजे शॉपचं अर्थिंग वेगळ्या पिटवर (अर्थिंगच्या खड्ड्यावर) आणि ऑफिसचं वेगळ्या, तर त्या फरकाचा करंट शील्डमधून वाहायला लागतो, त्याला ग्राउंड लूप म्हणतात. तपासायची रीत सोपी आहे, केबल रॅकच्या बाजूला अर्थ करा, दुसऱ्या टोकाला शील्ड मोकळं ठेवा आणि तिथल्या अर्थच्या आणि शील्डच्या मध्ये एसी व्होल्टेज मोजा, १ व्होल्टच्या आत असेल तर दोन्हीकडे जोडायला हरकत नाही. त्याहून जास्त आलं तर आधी इलेक्ट्रिशियनला बोलवून अर्थिंगच एकमेकांना नीट जोडून घ्या, तो दोष केबलनं झाकायचा नसतो. चांगली पद्धत म्हणजे सगळ्या इमारतीचं अर्थिंग एकच असणं, आणि तसं असेल तर शील्ड दोन्हीकडे जोडलेलं उत्तम, कारण वरच्या फ्रीक्वेन्सीला एका टोकाचं अर्थ पुरत नाही.

गेटच्या केबिनला फायबर सांगितलं ते याचसाठी. दोन वेगळ्या इमारतींमध्ये, उघड्यावरून, तांब्याची केबल नको, शील्डेड नको आणि यूटीपीही नको. आपल्याकडे वळवाच्या पावसात वीज जवळपास कुठेही पडली की दोन जागांच्या जमिनीच्या व्होल्टेजमध्ये क्षणभर प्रचंड फरक पडतो आणि तो त्या केबलमधून मोकळा होतो, १५०० व्होल्टचं आयसोलेशन तिथं काय पुरणार. दर मे महिन्यात मला फोन येतात की रात्री वीज कडाडली आणि सकाळी स्विचचे चार पोर्ट मेलेत, आणि बघायला गेलं की तीच चार पोर्ट बाहेरच्या कॅमेऱ्यांची किंवा केबिनची. फायबरमध्ये तांबं नाही, म्हणजे प्रश्नच नाही. फक्त आर्मर्ड फायबर घेणार असाल तर तिचं स्टीलचं आर्मर केबिनमधल्या स्विचला नेऊन टेकवू नका, नाहीतर ज्यासाठी फायबर घेतली तेच परत आलं.

तुमच्या सीएनसीच्या किंवा एखाद्या ऑटोमेशन लाइनच्या पॅनेलमध्ये हिरव्या रंगाची, आत चारच वायरी असलेली केबल दिसली तर ती प्रोफिनेटची, म्हणजे मशीनमशीनमधल्या औद्योगिक नेटवर्कची, पिवळी, नारिंगी, पांढरी आणि निळी वायर, जाड २२ गेजची, चारही एकत्र पिळलेल्या, वरून फॉइल आणि जाळी. ती जर्मन पद्धतीची आहे, तिकडे शील्डेडच जास्त चालतं. तिला कापून तिथं आपली कॅट ६ जोडायचा मोह होतो, करू नका, मशीनवाल्यानं दिलेली ती तशीच ठेवा. चारच वायरी म्हणजे ती १०० मेगाबिटची, आणि मशीनला तेवढंच लागतं.

अंतराबद्दल, कारण ते फुकट मिळणारं शील्ड आहे. ड्राइव्ह ते मोटार जाणारी केबल आणि तुमची डेटा केबल एकाच ट्रेमध्ये टाकू नका, मी फूटभर तरी अंतर ठेवतो, ड्राइव्हच्या केबलपासून शक्य असेल तर त्याहून जास्त, आणि ओलांडावीच लागली तर काटकोनात ओलांडतो, समांतर पळवत नाही. डेटा केबल धातूच्या ट्रेमधून नेली आणि ट्रे अर्थ केला तर यूटीपीलासुद्धा चांगला आधार मिळतो. वायरमन सोय म्हणून एकाच पाइपमध्ये पॉवर आणि डेटा दोन्ही ओढतात, तिथं उभं राहून अडवा, कारण पाइप भरल्यावर कोणी परत काढत नाही.

आता शील्डपेक्षाही ज्यानं जास्त लोक फसतात ते, म्हणजे तांबं. बाजारात सीसीए नावाचा माल येतो, आत ॲल्युमिनियम आणि वरून तांब्याचा मुलामा. त्याचा रेझिस्टन्स तांब्याच्या दीडपटीहून जास्त, तार वाकवली की तुटते, पंच केल्यावर काही महिन्यांनी सैल होते, आणि कुठल्याच स्टँडर्डमध्ये ती बसत नाही, बॉक्सवर कॅट ६ छापलं असलं तरी. सगळ्यात आधी ती पीओई कॅमेऱ्यांत, म्हणजे नेटवर्कच्या केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्यांत, दगा देते. एका सोसायटीत तक्रार होती की कॅमेरे दिवसभर चालतात आणि संध्याकाळी सात-साडेसातला लांबचे तीन कॅमेरे बंद-चालू, बंद-चालू करत राहतात. सगळे सॉफ्टवेअर अपडेटच्या मागे लागलेले. अंधार पडला की कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड एलईडी लागतात, करंट वाढतो, लांब आणि बारीक सीसीए केबलमध्ये व्होल्टेज पडतं, कॅमेरा रिस्टार्ट होतो, रिस्टार्ट होऊन एलईडी लावायला गेला की परत पडतो. ओळखायचं कसं, तर वायरीचं टोक ब्लेडनं खरवडा, आत पांढरट चांदीसारखा रंग दिसला की ॲल्युमिनियम, आतपर्यंत लालसरच राहिलं की तांबं. टोकाला लायटर लावला तर ॲल्युमिनियम मऊ पडून लोंबतं, तांबं तसंच उभं राहतं. आणि ३०५ मीटरचा बॉक्स हातात घेतला की हलका लागतो. चांगल्या कंपन्यांच्या नावाचा नकली मालही येतो म्हणून दोन बॉक्समधला एक-एक फूट स्वतः कापून बघा, कॉन्ट्रॅक्टरला राग आला तर येऊ दे.

टेस्टिंगचा एक अनुभव सांगितल्याशिवाय राहवत नाही. आठ दिवे लागणारा तो छोटा टेस्टर, एक ते आठ हिरवे दिवे ओळीनं लागले की केबल पास, असं धरलं जातं. पण समजा कोणी वायरी रंगाप्रमाणे जोडी-जोडीनं लावल्या, १-२ नारिंगी, ३-४ हिरवी, ५-६ निळी, ७-८ तपकिरी, दोन्हीकडे सारख्याच. टेस्टर सगळे दिवे हिरवे दाखवणार, कारण सरळ जोडणी आहे. पण इथरनेटला जोडी हवी १-२, ३-६, ४-५ आणि ७-८ अशी, म्हणजे ३ आणि ६ वरच्या वायरी आता दोन वेगळ्या जोड्यांतल्या झाल्या, त्यांच्यात एकमेकींचा पीळच नाही. याला स्प्लिट पेअर म्हणतात. कमी अंतरावर चालून जातं, लांबच्या केबलवर स्पीड कधी १००, कधी गिगाबिट, कधी गायब, आणि मग दोष शील्डला, स्विचला, इंटरनेटवाल्याला. म्हणून टी५६८बी चा क्रमच वापरा, पांढरी-नारिंगी, नारिंगी, पांढरी-हिरवी, निळी, पांढरी-निळी, हिरवी, पांढरी-तपकिरी, तपकिरी, दोन्हीकडे तोच, आणि सगळ्या इमारतीत तोच. एखादा पॉइंट गिगाबिट असूनही १०० वरच जुळतोय असं दिसलं तर बहुतेक वेळा निळी किंवा तपकिरी जोडी कुठेतरी तुटलीय, कारण १०० मेगाबिटला १-२ आणि ३-६ या दोनच जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात.

म्हणून वर्क ऑर्डरमध्ये लिहून घ्या की प्रत्येक लिंक सर्टिफायर मशीननं टेस्ट करून रिपोर्ट द्यायचा, कॅट ६ ची कॅट ६ म्हणून, ६ए ची ६ए म्हणून, आणि शॉपमधल्या लिंकला शील्ड कंटिन्यूइटीसकट. ते मशीन महाग असतं, पण दिवसाच्या भाड्यानं मिळतं, तीस पॉइंट एका दिवसात होतात. पेमेंटचा शेवटचा हप्ता त्या रिपोर्टवर ठेवा. वळणावर केबल जाडीच्या चौपटीपेक्षा घट्ट वाकवायची नाही, ओढताना साधारण ११ किलोपेक्षा जास्त जोर लावायचा नाही, आणि प्लास्टिकच्या टायनं आवळून गळा दाबायचा नाही, वेल्क्रोची पट्टी वापरायची, कारण दाबली की आतल्या पिळाचा आकारच बदलतो.

ऑफिसला यूटीपी टाकताना एक विचार मात्र करा, पुढच्या काही वर्षांत वर १० गिगाबिट लागणार असेल, म्हणजे डिझाइनचं काम, मोठ्या ड्रॉइंग फाइल, तर त्या चार-पाच टेबलांनाच ६ए टाका. आणि ६ए मध्ये खूप केबली एकाच बंडलमध्ये जाणार असतील तर तिथंही एफ/यूटीपी परवडते, कारण १० गिगाबिटला शेजारच्या केबलमधला क्रॉसटॉक खरोखर त्रास देतो आणि यूटीपी ६ए तो टाळायला जाड केलेली असते, फॉइलवाली बऱ्याचदा तिच्यापेक्षा बारीक निघते आणि पाइपमध्ये जास्त मावते. नाहीतर साध्या ऑफिसला कॅट ६ यूटीपी चांगली दहा-पंधरा वर्षं निघते.

दोन्ही कॉन्ट्रॅक्टरना उत्तर द्यायच्या आधी एक काम करा. रॅक जिथं बसणार आहे तिथल्या सॉकेटवर आणि खाली शॉपमधल्या सगळ्यात लांबच्या मशीनजवळच्या सॉकेटवर, मशीन चालू असताना, न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या, आणि शॉप व ऑफिसचे अर्थ पिट आपसात जोडलेत का ते त्याला विचारा. पिट जोडलेले असतील आणि दोन्हीकडे व्होल्टेज एक-दोन व्होल्टच्या आसपास असेल तर शॉपमध्ये एफ/यूटीपी बिनधास्त टाका. पिट वेगळे निघाले तर आधी ते जोडण्याचं काम काढा, आणि ते होईपर्यंत केबलची ऑर्डर देऊ नका.